सरडगुहिऱ्याचे पिल्लू आणि त्याची निगा

वसंत व्याख्यानमालेत अर्थकारण येते, वाङ्मय येते, संतांचे तत्त्वज्ञान येते. त्या पंक्तीला सरडगुहिरा कसा येऊन बसला, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. वक्त्याविषयीही शंका येणे साहजिक आहे. मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. शाळा दहावीच्या आतच सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. प्राणिशास्त्राचा पंडित म्हणून मी येथे उभा नाही. परंतु ह्या प्राण्याचा आणि आमच्या कामाचा एक जुना संबंध आहे. काल युनियनबरोबर असलेला माणूस आज साहेबांच्या खोलीतून हसत बाहेर पडताना दिसला, की गेटसभेत गर्दीतून हमखास आरोळी येते, ‘सरडा!’ तीस वर्षे ही शिवी ऐकत आल्यामुळे हा रंग बदलणारा प्राणी मुळात आहे तरी कसा, हे एकदा पाहावे असे वाटले. पाहिल्यावर आढळले ते असे, की शिवी साफ चुकीची आहे. आणि ज्या गैरसमजातून ती निघाली, त्याच गैरसमजापायी हौसेने पाळलेली ह्या प्राण्याची पुष्कळ पिल्ले पिंजऱ्यात पहिल्या काही महिन्यांतच मरतात. तेव्हा विषय वाटतो तितका पोरखेळाचा नाही.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत ज्याचा गळा लाल होतो, तो आपल्या परसातला साधा सरडा. घोरपड निराळी. आजचा आपला प्राणी म्हणजे सरडगुहिरा. काही भागांत त्याला घोयरा म्हणतात, इंग्रजीत कॅमेलिऑन. तो ओळखण्यास सोपा आहे. अंग दोन्ही बाजूंनी चापट, उभ्या पानासारखे. शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. डोळे शंकूप्रमाणे बाहेर आलेले, आणि त्यांतला एक वर पाहतो तेव्हा दुसरा खुशाल मागे पाहत असतो. बोटे प्रत्येक पायावर दोन जुड्यांत विभागलेली असतात: पुढच्या पायाला आत तीन व बाहेर दोन, मागच्या पायाला आत दोन व बाहेर तीन. फिटरच्या हातातली पक्कड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे पाय कशासाठी आहेत ते समजेल. फांदी धरणे ह्यापलीकडे त्यांना दुसरे काम ठाऊक नाही. सपाट जमिनीवर हा प्राणी अगदी अवघडून चालतो.

जगात ह्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. भारतात एकच जात आढळते. ती महाराष्ट्रातही आहे. कोरड्या रानांत, झुडपांत, शेताच्या बांधावर दिसते. ह्या आपल्या सरडगुहिऱ्याला पाळायचे नाही, हे अगोदरच स्पष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. मुलाने हट्ट धरला म्हणून कायदा सैल होत नाही.

मग पाळतात तो कोणता? मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य भाग येथील डोंगरांत राहणारा, डोक्यावर उंच शिरस्त्राण असल्यासारखा दिसणारा, ‘व्हेल्ड कॅमेलिऑन’ ह्या नावाचा. युरोप-अमेरिकेत तो बंदिवासातच पिढ्यान् पिढ्या वाढविला गेला आहे, आणि म्हणून तेथे रानातून धरून आणलेल्याऐवजी पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू सहज मिळते. आपल्याकडे अशा परदेशी जातीचा प्राणी बाळगणाऱ्याला, २०२२ साली दुरुस्त झालेल्या त्याच कायद्याखाली व २०२४ च्या नियमांप्रमाणे, सरकारदरबारी नोंद करावी लागते. कागदावाचून जो विकतो त्याच्या दारातूनच परत फिरावे. आज आपली मुले जर्मनीत, अमेरिकेत, कॅनडात नोकरीला आहेत. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीने जर्मनीत असे पिल्लू आणले आणि दोन वर्षे त्याची टिपणे मला पाठविली. मी पुस्तकांत वाचले ते तिच्या टिपणांशी ताडून पाहिले, आणि दोन्हींचा मेळ बसला तेवढेच येथे सांगतो.

ह्या जातीची मादी ओलसर मातीत बीळ खणते आणि एका खेपेस वीसपासून सत्तरपर्यंत अंडी घालते. माती लोटून ती निघून जाते, आणि तिचा नि पिल्लांचा संबंध तेथेच संपतो. सहा ते नऊ महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे दोनचार दाण्यांएवढे. ह्या एक ग्रॅमच्या जिवाला कोणी भरवीत नाही, कोणी शिकवीत नाही, आणि तो पहिल्या दिवसापासून शिकार करतो. इतके हे स्वावलंबन पाहून मनुष्याला वाटते की त्याला फारसे काही लागत नसावे. येथेच पहिली चूक होते. ज्याला कोणाची मदत लागत नाही, त्याला परिस्थिती मात्र नेमकी लागते. रानात सत्तर पिल्लांतली थोडीच जगतात. घरी आणलेले एकच असते. म्हणून दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत ते वाढविणाऱ्याकडेच राहू द्यावे. त्याहून लहान पिल्लू स्वस्तात मिळाले तरी नवख्याने घेऊ नये.

आणताना एकच आणावे. ‘एकट्याला करमणार नाही’ हा विचार माणसाचा आहे; सरडगुहिऱ्याचा नव्हे. मी जन्मभर एकीचे व्याख्यान देत आलेला माणूस, परंतु हा प्राणी माझ्या संघटनेत येणार नाही. एका पिंजऱ्यात दोन भावंडे ठेवली तर वरवर भांडण दिसत नाही. ती चावत नाहीत, एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. पण काही आठवड्यांनी एक दुप्पट होते आणि दुसरे तेवढेच राहते. बलवान पिल्लू उबेची व खाण्याची चांगली जागा धरून बसते, आणि दुर्बळ पिल्लू त्याच्या नजरेखाली खाणे टाकते. नुसते दिसणे पुरे होते. आरशात किंवा काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी तेच घडते. म्हणून चारही बाजूंना चकचकीत काच असलेली पेटी दिसायला छान असली तरी पिल्लाच्या दृष्टीने ती शत्रूंनी भरलेली असते.

पिंजरा जाळीचा असावा, हवा खेळती राहील असा, आणि रुंदीपेक्षा उंची अधिक असलेला. पूर्ण वाढलेल्या नराला साधारण दोन फूट रुंद, दोन फूट खोल व चार फूट उंच जागा लागते. पिल्लाला आरंभी ह्याच्या निम्म्या मापाचा पिंजरा बरा. फार मोठ्यात सोडलेले भक्ष्य त्याला सापडत नाही. आत पिल्लाच्या मुठीत मावतील अशा बारीक काटक्या आडव्यातिडव्या बांधाव्यात, आणि खरी झाडे ठेवावीत. मनीप्लांट चालतो, जास्वंद चालते, वडाच्या जातीतली बारीक पानांची कुंडीतली झाडे चालतात. ही जात मधूनमधून पाने चघळते, तेव्हा पानांवर औषध फवारलेले नसावे. तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा नको; जिभेबरोबर तो पोटात जातो. साधा कागद अंथरावा आणि रोज बदलावा. पिंजरा जमिनीवर ठेवू नये. टेबलावर, कपाटावर असा ठेवावा की पिल्लाची बसण्याची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येईल. ह्या प्राण्याला वरून येते ते सारे ससाण्यासारखे वाटते. रोज वरून वाकून पाहणारा प्रेमळ मालक त्याच्या लेखी रोज झडप घालणारा पक्षी असतो.

आता पाणी. सर्वांत जास्त पिल्ले कशाने दगावतात असे कोणी मला विचारले, तर मी भरलेल्या वाटीकडे बोट दाखवीन. सरडगुहिऱ्याला साचलेले पाणी हे पाणी म्हणून कळतच नाही. येमेनच्या डोंगरउतारांवर धुके येते, पानांवर दव साचते. थेंब चमकतो, हलतो, आणि तो थेंब हा प्राणी चाटतो. पाण्याची वाटी समोर ठेवून पिल्लू तहानेने मरते आणि मालक म्हणतो, ‘पाणी तर रोज बदलत होतो!’ तेव्हा सकाळी दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी बारीक फवाऱ्याने पाने चांगली भिजवावीत, आणि दिवसा एखादे भांडे वर टांगून त्यातून थेंब थेंब पाणी पानांवर पडेल असे करावे. सलाइनची कल्पना बहुतेकांना असतेच. मात्र दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात पाने सुकली पाहिजेत. सदा ओल आणि कोंदट हवा असेल तर छातीचा विकार जडतो. पिल्लू तोंड वर करून श्वास घेऊ लागते. पाणी पुरेसे मिळते की नाही हे त्याच्या विष्ठेवरून कळते. तिच्याबरोबर एक घट्ट गोळी पडते. ती पांढरी असली तर ठीक, पिवळी-नारिंगी पडू लागली तर पाणी कमी पडते आहे. डोळे खोल गेले तर फार कमी पडते आहे.

पाण्याखालोखाल प्रकाश. ह्याबाबतीत लोक जे फसतात ते ज्ञान नसल्यामुळे, आळसाने नव्हे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हाडे बनण्यास चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम. पोटात गेलेला चुना रक्तात घेण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व सरडगुहिऱ्याच्या कातडीत तयार होते, पण त्यासाठी सूर्यप्रकाशातले विशिष्ट अतिनील किरण अंगावर पडावे लागतात. खिडकीच्या काचेतून ऊन येते, ऊब येते, ते किरण मात्र येत नाहीत. म्हणून खिडकीशी ठेवलेला पिंजरा ही नुसती समजूत आहे. ते किरण देणारी खास लांब नळी मिळते, ती पिंजऱ्याच्या माथ्यावर लावावी लागते. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: ती नळी डोळ्यांना दिसणारा उजेड पुष्कळ दिवस देत राहते, परंतु अतिनील किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. दिवा जळत असतो आणि काम बंद पडलेले असते! असे विभाग मी कारखान्यांतही पाहिले आहेत. नळी कधी लावली ती तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

उबेसाठी निराळा साधा दिवा. त्याच्याखालच्या फांदीवर पिल्लासाठी सुमारे २९ अंश सेल्सियस उष्णता पुरे. बाकी पिंजरा २२ ते २५ अंशांवर असावा, म्हणजे हवे तेव्हा त्याला उबेला जाता येईल आणि हवे तेव्हा सावलीला. मोठ्या सरडगुहिऱ्याला चालणारी उष्णता एक-दोन ग्रॅमच्या पिल्लाला पाहता पाहता सुकवून टाकते. रात्री सर्व दिवे बंद. रात्र थोडी गार झाली तर बिघडत नाही, उलट बरे. बारा तास दिवस, बारा तास रात्र. रात्रपाळीचा लाल-निळा दिवा दुकानदार विकतो, त्याची गरज दुकानदाराला असते.

चुना नुसता प्रकाशाने येत नाही. तो अन्नातून यायला हवा. पिल्लाचे अन्न म्हणजे जिवंत किडे: आरंभी फळांवरची चिलटे आणि रातकिड्यांची बारकी पिल्ले, पुढे थोडे मोठे रातकिडे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लांब नसावा, हे माप सोपे आहे आणि खरे आहे. लहानपणी रोज, खाईल तितके द्यावे. पैदास केलेल्या रातकिड्यांत चुना अगदी कमी असतो. म्हणून देण्यापूर्वी त्यांच्यावर कॅल्शियमची पूड हलकेच भुरभुरतात, पिठात माशाचा तुकडा घोळवावा तशी, पण फार नाही. जीवनसत्त्वांची पूड मात्र महिन्यातून एक-दोन वेळाच, कारण त्यांचा अतिरेकही मारक होतो. आणि त्या रातकिड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला, गाजर असे खाऊ घालावे. उपाशी किडा खाणारे पिल्लू उपाशीच राहते. पोट भरलेले दिसते इतकेच. काजवे कधीही देऊ नयेत. त्यांच्या अंगातले विष सरड्यांच्या जातीला फार घातक आहे.

चुना कमी पडला तर काय होते? वाढत्या अंगाची हाडे मऊ पडतात. पुढचे पाय कोपराशी कमानीसारखे वाकतात, पक्कड सैल होते, पिल्लू फांदीवर पोट टेकून चालते. मग एके दिवशी जीभ उडत नाही. ही जीभ म्हणजे मोठे नवल आहे. ती अंगाच्या लांबीच्या दीड-दोन पट बाहेर जाते. तोंडाच्या तळाशी एक लांब हाड असते, त्याच्यावर ती मोज्यासारखी चढविलेली असते. स्नायू आधी तिच्या आतल्या चिवट पडद्यांना ताण देऊन ठेवतो, धनुष्याची प्रत्यंचा ओढावी तसा, आणि मग सोडतो. ताण साठविलेला असल्यामुळे थंडीने स्नायू मंदावले तरी बाण सुटतोच. परत ओढून घेताना मात्र थंडी जाणवते. जिभेच्या टोकावरचा चिकट द्रव माणसाच्या लाळेच्या सुमारे चारशे पट घट्ट असतो, असे २०१६ साली बेल्जियममधील संशोधकांनी मोजले. हे सारे यंत्र त्या एका हाडावर उभे आहे. म्हणून जीभ लुळी पडली, नेम चुकू लागला, की तो चुन्याचा प्रश्न असण्याची शक्यता फार, आणि तेव्हा घरगुती उपाय न करता ह्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. वाकणे थांबविता येते.

आता त्या शिवीकडे येऊ.

सर्वसाधारण समजूत अशी, की सरडगुहिरा ज्या जागी बसतो त्या जागेचा रंग घेतो. पानावर हिरवा, खोडावर तपकिरी, लाल कापडावर लाल. अर्थात् तो सर्व परिस्थितीशी जुळवून घेणारा, कोठेही खपून जाणारा ठरतो. असा प्राणी कोणत्याही पिंजऱ्यात राहील असे वाटले तर नवल काय? वास्तविक त्याच्या इतका न जुळवून घेणारा पाळीव प्राणी शोधून सापडणार नाही. साचलेले पाणी नको, शेजारी नको, वरून पाहणे नको, कोंदट हवा नको. त्याचा रंग लाल कापडाकडे पाहून बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ठेंगू जातींवरील एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या जाती अधिक ठळक रंग बदलतात त्या अधिक विविध परिसरांत राहतात असे त्यात दिसले नाही. त्या एकमेकांना अधिक ठळक इशारे देतात असे दिसले. येमेनच्या ह्याच जातीच्या नरांवर अमेरिकेत जे प्रयोग झाले त्यांचा निष्कर्ष २०१३ साली आला. ज्याच्या डोक्याचे रंग जास्त झपाट्याने आणि जास्त तेजस्वी होतात, तो झुंज जिंकण्याचा संभव अधिक. आणि हरणारा काळवंडतो. ‘मी माघार घेतली’ हे तो रंगाने सांगतो, म्हणजे पुढची मारामारी टळते.

रंग बदलतो कसा हेही आता कळले आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीची कातडी तपासली. कातडीतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक रांगांनी मांडलेले असतात. प्राणी स्वस्थ असतो तेव्हा हे स्फटिक जवळ जवळ असतात व निळा प्रकाश परतवितात. वरच्या पिवळ्या रंगातून तो आला की आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी प्रक्षुब्ध झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते, आणि हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा होतो. म्हणजे बाहेरच्या भिंतीला नव्हे, आतल्या अवस्थेला धरून हा रंग चालतो. बाजू बदलणारा मनुष्य रंग बदलतो तो मनात काय आहे ते लपविण्यासाठी. सरडगुहिऱ्याचे नेमके उलट आहे. ह्या मुक्या प्राण्याजवळ तक्रार करण्यास दुसरी भाषा नाही. त्याने त्याचे मागणीपत्र अंगावरच लिहिलेले असते.

ते वाचावयास पिल्लू पाळणाऱ्याने शिकले पाहिजे. सकाळी उठल्यावर ते काळपट होऊन दिव्याकडे कूस करून बसते. ह्यात काळजीचे कारण नाही. गडद रंग ऊब जास्त शोषतो, आणि अंग तापले की ते पुन्हा हिरवे होते. पण दुपारपर्यंत काळेच राहिले तर त्याला थंडी वाजते आहे, किंवा कशाची तरी दहशत आहे. मांजर, आरसा, समोरच्या पिंजऱ्यातला दुसरा, सतत ये-जा असलेला दरवाजा, सारे तपासावे. अगदी फिकट होऊन तोंड उघडून बसले तर ऊब फार झाली. रात्री झोपेत मात्र ते फिकटच दिसते. तो निरोगीपणा आहे. आणि दिवसा डोळे मिटून बसलेले पिल्लू हे रंग कसाही असला तरी आजारी समजावे. हा प्राणी दिवसा डोळे मिटत नाही. वाट पाहू नये. शत्रूला कळू नये म्हणून तो दुखणे शेवटपर्यंत दडवितो, आणि डोळे मिटण्याची पाळी येते तेव्हा दडविण्याचे बळ संपलेले असते. त्यासाठीच दर आठवड्यास ग्रॅमचा काटा घेऊन वजन करावे आणि वहीत लिहावे. रंग कळला नाही तरी आकडा कळतो.

हातात घेण्याविषयी पुष्कळ विचारले जाते. पिल्लू तळहातावर ठेवले की ते निश्चल राहते आणि मुले म्हणतात, ‘बघा, किती माणसाळले!’ ते भीतीने थिजलेले असते. खात्यात जो कामगार कधीच काही बोलत नाही, त्याच्याविषयी व्यवस्थापन मोठ्या समाधानाने सांगते की त्याची काहीच तक्रार नाही. त्याच्या घरी जाऊन बसल्यावर निराळेच ऐकू येते. आमच्या कामाची सुरुवातच मुळी शांत बसलेल्यापासून करावी लागते. पिल्लाच्या बाबतीतही निश्चलता हा सुखाचा पुरावा धरू नये. वजनासाठी, पिंजरा साफ करण्यासाठी त्याला हलवावे लागेल तेव्हा फांदी पुढे धरावी, त्याला आपल्या पायांनी चढू द्यावे. पाहण्याचा प्राणी आहे, कुरवाळण्याचा नाही. ज्या घरात मुलांना अंगाखांद्यावर खेळविण्याजोगे काही हवे असेल त्यांनी मांजर आणावे. तीत कमीपणा काही नाही.

मादीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ह्या जातीत नराच्या मागच्या टाचेवर जन्मतःच एक बारीक काटा असतो. तो नसला तर पिल्लू मादी. घेतानाच पाहून घ्यावे, कारण मादी चार-सहा महिन्यांची झाली की नर कधी दृष्टीस पडला नसतानाही अंडी धरते. ती अंडी घालण्यास तिला खणता येईल अशी फूटभर खोल ओलसर वाळू-मातीची पेटी लागते. ती नसली तर अंडी पोटातच अडकून मादी मरते, आणि घरच्यांना कळतही नाही की तिला काय हवे होते. ती जमिनीवर उतरून अस्वस्थपणे कोपरे उकरीत होती, तेच तिचे सांगणे होते. भरमसाट खाऊ घातले तर अंडीही भरमसाट होतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांनंतर मादीचे खाणे हळूहळू कमी करावे. लहानपणी उपाशी ठेवू नये आणि वयात आल्यावर कोंबू नये.

हौस फिटली, बदलीचा हुकूम आला, म्हणून पिल्लू बागेत सोडून देणारेही आहेत. १९७२ साली हवाई बेटांत केनियातून काही सरडगुहिरे विक्रीसाठी आणले गेले. प्रवासाने मरगळलेले प्राणी सुधारावेत म्हणून दुकानदाराने ते बागेत सोडले, आणि त्यांचा वंश आज तेथील रानांत पसरून स्थानिक किडे व गोगलगायी खात आहे. फ्लॉरिडात येमेनची हीच जात मोकळी झाली आहे. उलट थंड देशात सोडलेले पिल्लू पहिला हिवाळाही पाहत नाही. सांभाळणे अशक्य झाले तर जाणत्या पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावे.

राहिला आपला देशी सरडगुहिरा. त्याची निगा राखण्याचा प्रसंग तुम्हा-आम्हावर येतो तो रस्त्यात. अंडी घालण्यासाठी मादी झाडावरून जमिनीवर उतरते, आणि डांबरी रस्ता ओलांडताना तिची ती एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी चाल मोटारीच्या वेगापुढे टिकत नाही. कोणी तिला विषारी समजून दगड घालतो. तिला विष नाही. फुगून, तोंड उघडून ती फुसकारते, ते सारे भीतीचे सोंग आहे. अशा वेळी एक लांब काठी किंवा फांदी तिच्या पुढच्या पायांखाली धरावी. ती पक्कड बसवील. ज्या बाजूला तिचे तोंड होते त्याच बाजूच्या झुडपाशी न्यावे, परतीच्या बाजूला नव्हे, कारण मग ती पुन्हा रस्त्यावर येते. काठी झुडपाला टेकवून धरावी आणि तिला उतरू द्यावे. ह्या कामाला पाच-सात मिनिटे लागतात. मागची गाडी भोंगा वाजवील, तिला वाजवू द्यावा.